शिट्टी न देणारा कुकर

ऑक्टोबर संपत आला, की मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फराळाच्या ऑर्डरी आणि नाटकाची तिकिटं यांच्या मधे कुठेतरी एक प्रश्न हमखास डोकावतो : "थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये इन्स्टंट पॉट घ्यायचा विचार आहे. घ्यावा का?" मग उत्तरांचा पाऊस पडतो. "डोळे मिटून घे, आमचं आयुष्य बदललं" असं म्हणणारा एक पक्ष. "आमचा तीन वर्षं बेसमेंटमध्ये पडलाय, हवा तर घेऊन जा" म्हणणारा दुसरा. मधेच कुणीतरी "कुकर तो हॉकिन्सच" एवढा एकच बाण सोडून गायब होतं. प्रश्न विचारणारी बिचारी होती तिथेच राहते.

गंमत अशी, की हे सगळेच खरं बोलत असतात. तेच भांडं एका घरी रोज लागतं आणि दुसऱ्या घरी धूळ खातं. घरात शेगडी कोणती आहे आणि तिच्यापुढे उभं कोण राहतं, यावर ते ठरतं. म्हणून घ्यावं की न घ्यावं याचा निकाल लावण्याआधी हे यंत्र काय करतं आणि काय करत नाही, ते आपल्या वरणभाताच्या भाषेत मांडून बघू या.

इन्स्टंट पॉट हे खरं तर एका कंपनीचं नाव. पण डालडा किंवा झेरॉक्ससारखं ते आता सगळ्या जातीलाच चिकटलंय. आत काय आहे? विजेवर तापणारा प्रेशर कुकर, दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर, आणि त्या सगळ्यावर लक्ष ठेवणारी एक छोटी चिप. आतलं भांडं स्टीलचं, तळाशी ॲल्युमिनियमचा थर. समोर बटणांची ही मोठी रांग असते : सूप, चिली, पॉरिज, राइस, मीट. घाबरायचं कारण नाही. त्यातली बहुतेक बटणं तेच काम वेगवेगळ्या मिनिटांसाठी करतात. खरी कामं चारच : दाबाखाली शिजवणं, परतणं, मंद आचेवर तासन्‌तास ठेवणं आणि दही लावणं. बाकी सगळी जाहिरात.

विजेच्या प्रेशर कुकरचं पेटंट चीनमध्ये १९९१ सालीच मागितलं गेलं होतं. तो उत्तर अमेरिकेत घरोघरी नेला रॉबर्ट वांग या मूळच्या चिनी, कॅनडात ओटावाला स्थायिक झालेल्या कम्प्युटर शास्त्रज्ञाने. २००९ साली त्याने सहकाऱ्यांबरोबर कंपनी काढली आणि २०१० साली पहिलं मॉडेल बाजारात आणलं. आईवडील दोघंही नोकरीवर, आणि संध्याकाळी घरचं गरम जेवण तर हवं, अशा घरांची अडचण त्याला सोडवायची होती. दुकानांच्या मागे न लागता त्याने माल ॲमेझॉनवर विकला. २०१६च्या प्राइम डेला एका दिवसात २ लाख १५ हजार नग गेले.

आपल्या लोकांनी तो उचलला आणि नुसता उचललाच नाही, तर इतरांना शिकवलाही. २०१७ साली टेक्ससच्या उर्वशी पित्रे यांचं भारतीय पदार्थांचं इन्स्टंट पॉट कुकबुक आलं. त्यांच्या बटर चिकनचा एवढा बोलबाला झाला, की 'न्यूयॉर्कर'ने त्यांच्यावर लेख छापला आणि 'बटर चिकन लेडी' हे बिरुद त्यांना कायमचं लागलं. आडनाव पित्रे आणि कीर्ती बटर चिकनची! आपल्या साध्या वरणाच्या नशिबी असा योग कधी येणार, कोण जाणे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अमेरिकन घरांत या भांड्याचं जे कौतुक झालं, त्यामागे प्रेशर कुकरची जुनी धास्ती होती. आजीचा कुकर उडाला आणि छताला वाटाणे चिकटले, अशा गोष्टी इथे बऱ्याच घरांतून ऐकायला मिळतात. ज्यांनी कधी कुकरच वापरला नव्हता, त्यांना चण्याचं तासभराचं काम झटपट होणं हा चमत्कारच. आपल्याला त्यात नवल ते काय? दाबाखाली शिजवायची युक्ती देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखवली होती, आणि आपल्याकडे १९५९च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टीजचे कुकर आल्यावर एका पिढीच्या आत ती मध्यमवर्गीय घरांत रुळली. आपल्यापैकी कितीतरी जण सुटकेसमध्ये कपड्यांच्या घड्यांत कुकर गुंडाळूनच या देशात उतरले. २०१३ साली बोस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बहल्ल्यात प्रेशर कुकर वापरले गेले, त्यानंतर काही काळ सामानातला कुकर म्हणजे विमानतळावर जाब देण्याची बाब झाली होती, हेही काहींना आठवत असेल.

तेव्हा अमेरिकन शेजारीण "आयुष्य बदललं" म्हणते ते तिच्यापुरतं बरोबर आहे. आपला प्रश्न वेगळा आहे : घरात चालता कुकर असताना हा दुसरा कशाला?

वेळ वाचतो म्हणून, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझ्या ओट्यावरचा हिशेब असा. वाटीभर तूरडाळ, अर्धा तास भिजवलेली. इन्स्टंट पॉटला दाब धरायला ९–१० मिनिटं, शिजायला ८, आणि वाफ आपोआप जिरायला १२ ते १५. एकूण अर्ध्या तासाच्या वरच. पाककृतीत मात्र छापलेलं असतं, "८ मिनिटं"! गॅसवर ३ लिटरच्या कुकरमध्ये हीच डाळ शिट्ट्या आणि वाफ जिरणं धरून पंचवीसेक मिनिटांत होते. भांडं भरलेलं असेल, तर विजेचा कुकर आणखी मागे पडतो, कारण ६ क्वार्टच्या मॉडेलचं कॉइल हजार वॅटचं असतं आणि गॅसचा मोठा बर्नर त्याला सहज मागे टाकतो.

त्यात दाबही कमी. आपला शेगडीवरचा कुकर दर चौरस इंचाला साधारण १५ पौंड दाबावर चालतो. आत पाणी १२१ अंश सेल्सियसला उकळतं. इन्स्टंट पॉट 'हाय'वर १० ते ११.५ पौंडांच्या आसपास राहतो. म्हणजे ११६–११७ अंश. चार-पाच अंशांचा फरक किरकोळ वाटतो, पण जुन्या हरभऱ्याला किंवा राजम्याला तो चांगलाच जाणवतो. डेन्व्हरच्या मंडळींना तर विचारूच नका. समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंचीवर हवेचाच दाब कमी. उघड्या पातेल्यात पाणी ९५ अंशांना उकळतं आणि इन्स्टंट पॉटच्या आत तापमान ११३च्या आसपास अडकतं. म्हणून २,००० फुटांच्या वर दर हजार फुटांना शिजण्याचा वेळ ५ टक्क्यांनी वाढवावा, असा ठोकताळा आहे. डेन्व्हरला तरी शेगडीवरचा १५ पौंडी कुकर टाकून देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग वाचतं काय? शिट्ट्या मोजणं वाचतं.

शिट्टी हे आपल्याकडचं विलक्षण माप आहे. "डाळीला चार, बटाट्याला तीन, मटणाला सात" हे आईकडून मुलीकडे आलेलं ज्ञान. पण शिट्टी म्हणजे काही मिनिट नव्हे. आच मोठी असेल तर दोन शिट्ट्यांत मिनिटाचंही अंतर राहत नाही, बारीक असेल तर पाच मिनिटं जातात. कुकर लहान की मोठा, पाणी किती, यावरही ते बदलतं. हॉकिन्सच्या कुकरसोबत येणाऱ्या पुस्तकातही वेळ मिनिटांतच दिलेली असते, पण ते वाचतो कोण! आई घरातल्या एका कुकरवर, एका शेगडीवर वर्षानुवर्षं शिजवत होती, म्हणून तिच्या शिट्ट्या बिनचूक होत्या. इथे अपार्टमेंट बदललं की शेगडी बदलते आणि शिट्ट्यांचं गणित पहिल्यापासून मांडावं लागतं.

आणि इथली शेगडी हा वेगळाच विषय आहे. कितीतरी घरांत गॅस नाही; विजेची कॉइल किंवा वरून गुळगुळीत काच असलेली शेगडी. ती तापायला वेळ घेते आणि बंद केली तरी बराच वेळ तापलेलीच राहते. चौथ्या शिट्टीला बटण फिरवलं तरी कुकर पाचवी-सहावी देतच राहतो. मग वाफेने फुसफुसणारा जड कुकर दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवायचा. भारतातून आणलेल्या कुकरचा तळ थोडा फुगलेला असला, तर तो काचेवर नीट टेकतही नाही. इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालतच नाही. त्यासाठी वेगळ्या तळाचा घ्यावा लागतो. तेव्हा तुमच्याकडे चांगला गॅस असेल, तर या भांड्याची निम्मी गरज तिथेच संपते. काचेची शेगडी असेल, तर निम्मी बाजू तिथेच भक्कम होते.

राहिलेल्या निम्म्याचा निकाल माणसांवर. डाळीच्या त्या अर्ध्या तासात इन्स्टंट पॉटजवळ उभं राहावं लागतं दोन मिनिटं : झाकण फिरवून बटण दाबेपर्यंत. गॅसवर पंचवीसच मिनिटं लागतात, पण त्यातली पंधरा तुम्ही कान देऊन असता. वरच्या मजल्यावर मीटिंग चालू आहे, लेकीला अंघोळ घालायची आहे, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचा आहे. अशा वेळी कुकर लावून घरभर फिरता येणं, हा या यंत्राचा खरा गुण. काम संपलं की तो स्वतःच तापवणं थांबवतो आणि अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवतो.

या बाबतीत त्याचा खरा पूर्वज आपल्याकडचाच आहे, असं मला वाटतं. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मलिक यांनी १९१०च्या सुमारास इकमिक कुकर काढला : खाली कोळशाची छोटी शेगडी, वर एकावर एक डबे, भोवती गार न होऊ देणारं आवरण. निखारे घालून डबे लावायचे आणि आपल्या कामाला जायचं. परत येईतो डाळ, भात, भाजी तयार. त्यात दाब नव्हता, पण पाहारा द्यावा लागत नव्हता. १९५५ साली तोशिबाने जपानमध्ये विजेचा राइस कुकर आणला, त्यामागेही तीच गरज होती. इन्स्टंट पॉट हे दोन्ही आणि प्रेशर कुकर यांचं एकत्र कुटुंब.

ही मोकळीक तरुणांना सोयीची, पण काही घरांत ती याहून बरीच मोठी गोष्ट ठरते. त्याबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे.

१९६५च्या कायद्यानंतर इथे आलेली आपली पहिली पिढी आता पंचाहत्तरी-ऐंशीत आहे. मुलांच्या शहरात, पण वेगळ्या घरात राहणारी जोडपी आहेत, एकटी राहणारी आजी-आजोबा आहेत. शिवाय आपल्याकडे मुक्कामाला येणारे आईवडील. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या अहवालांत घरातल्या आगींचं पहिलं कारण वर्षानुवर्षं तेच असतं : स्वयंपाक, आणि त्यातही शेगडीवर काहीतरी ठेवून विसरणं. ऐकू कमी आलं, की शिट्टीचा उपयोग संपला. विसरायला झालं, की मुलं हळूहळू म्हणायला लागतात, "आई, तुम्ही आता शेगडीला हात लावू नका. आम्ही डबा पाठवतो." सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण साठ वर्षं जिने घराला जेवू घातलं, तिच्या हातून वरणभातही काढून घेतला, तर तिच्याकडे दिवसभर उरतं काय?

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत आणि आमच्याकडे ओहायोला राहतात. दुपारी श्रवणयंत्र काढून ठेवायची त्यांची सवय. आमची शेगडी काचेची. कुकर लावला की त्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून त्याच्याकडे बघत बसायच्या, कारण डोळा लागला तर? पुढे पुढे त्यांनी दुपारी काही करायचंच सोडलं. सकाळचं गार खायच्या, पण बोलायच्या नाहीत.

इन्स्टंट पॉट आणला, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी त्याला हातही लावला नाही. "अगं, ते विमान आहे का कुकर? एवढी बटणं!" म्हणाल्या. अक्षरं बारीक, तीही इंग्रजी. मग त्यांच्याच पाकिटातल्या दोन टिकल्या काढल्या. लाल टिकली डाळतांदळाच्या बटणावर, हिरवी बंद करण्याच्या बटणावर. लाल बटणाला त्यांच्या वरणभाताचे १० मिनिटं लावून ठेवले. यातली बरीच मॉडेलं तुम्ही आधी लावलेली वेळ लक्षात ठेवतात. "बाकीच्या बटणांकडे बघायचंच नाही, आई," एवढं सांगितलं. आठवडाभरात त्यांची दुपारची मुगाची खिचडी सुरू झाली. आता माझी मीटिंग चालू असताना खालून हाक येते, "अगं, जेवायला ये, गरम आहे." अजूनही अधूनमधून त्या विचारतात, "शिट्टी झाली का गं?" आणि मग स्वतःच हसतात.

वयस्कर माणसांसाठी घेताना मात्र दोन गोष्टी बघा. आतल्या भांड्याला बहुतेक मॉडेलांत दांडी नसते. ६ क्वार्टचं गरम, भरलेलं भांडं उचलणं म्हाताऱ्या मनगटांचं काम नाही. ३ क्वार्टचं छोटं घ्या, आणि शक्यतो आत डबे लावून शिजवा, म्हणजे मोठं भांडं उचलायलाच नको. दुसरं, वाफ सोडायची खटकी त्यांच्या हातात देऊच नका. वाफ आपोआप जिरली की एक छोटी पिन खाली बसते आणि मगच झाकण फिरतं. तेवढी वाट बघायची. डाळीची वाफ घाईने सोडली तर फेस उडून भिंतीवरच्या कपाटांपर्यंत जातो, आणि हातही भाजतो.

डब्यांचं म्हणाल, तर आपला जुना रिवाज इथे जसाच्या तसा चालतो. ५ लिटरच्या कुकरचे डबे ६ क्वार्टच्या भांड्यात सहसा बसतात. खाली दीड कप पाणी, त्यावर तिवई, खालच्या डब्यात डाळ, वर तांदूळ. एका वेळी वरण आणि भात. आमच्या घरी याच्यासाठी १० मिनिटं आणि मग वाफ जिरेपर्यंत धीर. डाळ थेट भांड्यात शिजवायची असेल, तर निम्म्याच्या वर भरू नका. तांदळाला पाणी कमी लागतं, कारण शिट्टीवाटे वाफ उडून जात नाही. बासमतीला वाटीला वाटी पुरतं, मऊ भात हवा तर दीडपट.

सगळ्यात जास्त वसूल होतो तो दह्याला. शिकागो किंवा मिनेसोटाच्या जानेवारीत दही लागणं ही तपश्चर्या होती. ओव्हनचा दिवा लावून ठेव, पातेल्याला शाल गुंडाळ, हीटिंगच्या झरोक्यावर ठेव. सगळे प्रकार आपण केलेत. विरजण ४० ते ४५ अंशांत खुलतं आणि हे भांडं रात्रभर तेवढीच ऊब देतं. दूध आधी तापवून कोमट करायचं, विरजण लावायचं, आठ तास विसरायचं. इडलीचं पीठही याच बटणाच्या कमी उबेवर फुगतं; फक्त तेव्हा कुकरचं झाकण न लावता काचेचं साधं झाकण ठेवा, नाहीतर वर आलेलं पीठ वाफेच्या वाटेत जाऊन बसतं आणि ते खरवडण्यात सकाळ जाते. मात्र दह्याची सोय प्रत्येक मॉडेलला नसते. डब्यावर नीट वाचून घ्या.

पुरणाची हरभरा डाळ उत्तम शिजते, आणि वरचं पाणी काढून कटाची आमटीही होते. पुरण आटवायला मात्र गॅसवरची कढईच हवी. मोड आलेली मटकी दाबाखाली एका मिनिटाच्या वर ठेवलीत, तर उसळीचं पिठलं होईल. उकडीचे मोदक वाफेवर होतात, पण वाफेची वाट उघडी ठेवली की यंत्राचं घड्याळ पुढे सरकतच नाही, कारण ते दाब चढायची वाट बघत बसतं. तेव्हा भिंतीवरचं घड्याळ बघा. शिवाय एका वेळी मावतात जेमतेम सात-आठ. एकवीस मोदकांना आपलं मोदकपात्रच बरं. पोहे, भेंडी, पिठलं, पालेभाज्या यात करायच्या भानगडीत पडू नका. भाकरी-पोळीचा तर प्रश्नच नाही. ज्या घरात रोज पोळीभाजी होते आणि डाळ आठवड्यातून दोनदा, त्या घरी हे भांडं बेसमेंटमध्येच जाणार.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. राजमा मंद आचेच्या बटणावर, म्हणजे स्लो कुकरसारखा, कधीही शिजवू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. कमी तापमानाला अर्धवट शिजलेला राजमा तर कच्च्याहून जास्त बाधू शकतो. भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि दाबाखालीच शिजवायचा.

विजेबद्दलही थोडं. इथल्या घरांतला एक सर्किट बहुधा १५ अँपियरचा. १२० व्होल्टने गुणलं तर १,८०० वॅट. हजार वॅटचा कुकर चालू असताना त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह किंवा पाण्याची किटली लावलीत, की ब्रेकर पडलाच म्हणून समजा. गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये मसालेभात गरम ठेवायला एकाच एक्स्टेंशनवर चार-चार कुकर लावणाऱ्यांनी हे गणित पाठ करावं. आणि परत जाणाऱ्या आईबाबांच्या सामानात इथला कुकर देऊ नका. तो १२० व्होल्टचा. तिकडच्या २३० व्होल्टला जळतो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनी आधी नियम बघावेत, बऱ्याच विद्यापीठांत खोलीत असं उपकरण चालत नाही.

आता खरेदी. दोघांना ३ क्वार्ट, चौघांना ६. पाहुणे आणि पॉटलक यांची सतत वर्दळ असेल तरच ८. सेलमध्ये ६ क्वार्टचं साधं मॉडेल शंभर डॉलरच्या बरंच आत मिळतं आणि त्याहून महागाची आपल्याला गरज नाही. फोनला जोडलेला कुकर कशाला हवा? डाळ काही फोनवर बोलत नाही.

पण नवा घ्यायलाच हवा असंही नाही. बाजार कुठे गेला ते बघा. एनपीडी या संस्थेच्या आकड्यांनुसार अमेरिकेत विजेच्या मल्टिकुकरांची विक्री २०२० साली ७५ कोटी ८० लाख डॉलरची होती, ती २०२२ साली ३४ कोटी ४० लाखांवर आली. जून २०२३मध्ये इन्स्टंट पॉटच्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीच्या डोक्यावर कर्ज होतं, व्याज वाढलं होतं. पण एक साधं कारण असंही होतं, की ज्यांना हवा होता त्यांनी घेतला, आणि एकदा घेतलेला वर्षानुवर्षं चालतो. नंतर हा उद्योग नव्या मालकाकडे गेला आणि कुकर अजून मिळतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की कोव्हिडच्या दिवसांत हौसेने घेतलेले कितीतरी नग देशभरच्या बेसमेंटांत जवळजवळ कोरे पडून आहेत. ग्रुपवर "हवा तर घेऊन जा" म्हणणाऱ्याला खरंच फोन करा. महिनाभर वापरून बघा. शनिवारी सकाळी तो ओट्यावरच असेल, तर ठेवून घ्या.

जुना घेताना मात्र मागच्या बाजूचा मॉडेल क्रमांक सरकारच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनच्या संकेतस्थळावर टाकून बघा. २०२० साली क्रॉक-पॉट एक्स्प्रेसचे अमेरिकेतच नऊ लाखांवर नग परत मागवले गेले, कारण झाकण पुरतं न बसताच दाब चढत होता. २०२३ साली बेला आणि बेस्ट बायच्या इन्सिग्निया नावाखालचे कुकरही परत मागवले गेले. इन्स्टंट पॉटचं जेम ६५ हे मॉडेल २०१८ साली जास्त तापत असल्यामुळे मागे घेतलं होतं. असा एखादा नग फुकट मिळाला तरी घरात आणू नका.

बाकी सगळं ठीक असेल, तर झाकणातली सिलिकॉनची रिंग तेवढी बदला. ती दीड-दोन वर्षांत सैल पडतेच, आणि आधीच्या घरातला सगळा स्वयंपाक तिच्यात मुरलेला असतो. घेताना दोन घ्या, वेगवेगळ्या रंगांच्या : एक हिंग आणि गोड्या मसाल्याची, दुसरी खिरीची आणि दह्याची.